हीट पंप बसवताना तिथं उभ्या राहा



आज आपण पाणी तापवायच्या एका यंत्राबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव हीट पंप. मोठी हॉटेलं, दवाखाने, वसतिगृहं अशा ठिकाणी, जिथं रोज शेकडो लिटर गरम पाणी लागतं, तिथं हे यंत्र वापरतात. मुलींचं वसतिगृह सांभाळणारा गट असेल, पर्यटकांसाठी खोल्या चालवणारा गट असेल, तर त्यांच्या बैठकीतही कधी ना कधी हा विषय निघतो.

अशा यंत्राचं कोटेशन एक जण आणतो, सही दुसरा करतो आणि बसवून तिसरा निघून जातो. त्यानंतर रोज पहाटे त्या यंत्रापुढे उभी राहते ती वसतिगृहातली मावशी, नाही तर गटातली एखादी बाई. शॉक बसला किंवा उकळतं पाणी अंगावर आलं, तर ते तिला नाही तर तिच्या ताब्यातल्या मुलींना सोसावं लागतं. म्हणून ज्या बाईला ते रोज वापरायचं आहे, तिला बसवायच्या दिवशी काय बघायचं हे माहीत हवं. या यंत्रातले बहुतेक धोके त्या एका दिवशीच टाळता येतात. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. डोळे उघडे ठेवून चार प्रश्न विचारायची तयारी हवी.

हे यंत्र करतं तरी काय?

तुमच्याकडे फ्रीज असेल तर त्याच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा. कोमट लागतो. ती उष्णता कुठून आली? आत ठेवलेल्या दुधातून, भाजीतून. फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. हीट पंप नेमकं हेच करतो, फक्त तो उष्णता बाहेरच्या हवेतून उचलतो आणि पाण्याच्या टाकीत सोडतो.

यंत्रात एक खास वायू बंद नळ्यांतून फिरत असतो. तो फार थोड्या उष्णतेवरही उकळतो. पंखा हवा ओढून घेतो, त्या हवेच्या उष्णतेवर तो वायू उकळतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसा दाबल्यावर हा वायू चांगलाच तापतो. ती उष्णता पाण्याला देऊन तो थंड होतो आणि पुन्हा फिरायला लागतो. बाहेर पडणारी हवा गारेगार असते आणि यंत्राखाली पाणी ठिबकतं. माठ पाझरल्यासारखं दिसतं, पण हे पाणी हवेतल्या दमटपणाचं आहे. ते ठिबकणं बिघाड नाही.

वीज इथं पाणी तापवत नाही, ती उष्णता वाहून आणते. म्हणून विजेचा खर्च कमी येतो. साध्या गिझरला एका युनिटमागे एका युनिटाएवढीच उष्णता मिळते. चांगला हीट पंप बऱ्या हवामानात एका युनिटमागे सुमारे तीन युनिटांएवढी उष्णता देतो.

हिशोब करून बघू. वसतिगृहात 40 मुली आहेत. प्रत्येकीला 20 लिटरची एक बादली, अंगाला सोसेल अशा 40 अंशांच्या पाण्याची. म्हणजे 800 लिटर. हिवाळ्यात पाणी 20 अंशांवर असेल, तर ते 40 वर न्यायला साधारण 19 युनिटं लागतात. गिझरवर निदान तेवढी वीज जाईल. हीट पंपावर साधारण 6 ते 7 युनिटं. रोज 12 युनिटं वाचली तर महिन्याला 360. युनिटचा दर 8 रुपये धरला तर महिन्याला 2,900 रुपयांच्या आसपास. तुमचा दर विजेच्या बिलावर बघा आणि हाच हिशोब तुमच्या आकड्यांनी मांडा.

शिवाय पहाटे बंब पेटवायला नको, लाकडं गोळा करायला नकोत, डोळ्यात धूर नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावला की विषारी वायू साचतो आणि आंघोळ करणारं माणूस बेशुद्ध पडू शकतं. हीट पंपात काही जळत नाही, त्यामुळे तो धोका इथं येत नाही.

पण एक स्पष्ट सांगायला हवं. चार माणसांचं घर, दिवसाला चार-पाच बादल्या पाणी, तर एवढ्यासाठी या यंत्रावर पैसे घालू नका. त्याची किंमत गिझरच्या कितीतरी पट असते. छपरावर दिवसभर ऊन येत असेल तर सौरबंबही बघा. जिथं रोज पुष्कळ गरम पाणी लागतं आणि वीज बऱ्यापैकी नियमित असते, तिथंच हीट पंप परवडतो. आणि तो सावकाश चालतो. गिझरसारखं दहा मिनिटांत पाणी मिळत नाही, टाकी तापायला काही तास लागतात.

जागा आधी ठरवा

यंत्र येण्याआधी जागेवर जाऊन उभ्या राहा आणि चार गोष्टी बघा.

पहिली गोष्ट हवा. या यंत्राचं सरपण म्हणजे हवा. ते बोळकांडीत, बंद खोलीत किंवा भिंतीला चिकटवून ठेवलं, तर स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढत बसतं. पाणी तापत नाही आणि बिल वाढतं. चारही बाजूंनी किती मोकळी जागा सोडायची ते यंत्राच्या पुस्तिकेत आकड्यांत लिहिलेलं असतं. ते पान उघडायला लावा आणि टेपनं मोजून घ्या.

दुसरी गोष्ट वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 500 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच पाच क्विंटल. पन्नास किलोची दहा पोती एकावर एक रचल्यासारखं आहे ते, वर टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. पत्र्याच्या छपरावर किंवा जुन्या माळवदावर अशी टाकी ठेवू देऊ नका. जमिनीवर सिमेंटचा सपाट ओटा उत्तम. स्लॅबवर ठेवायची असेल तर बांधकामाच्या जाणकाराला विचारूनच.

तिसरी गोष्ट शेजार. स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळ ठेवलं तर काजळी आणि तेलकटपणा पात्यांवर बसतो. गोठ्याजवळ ठेवलं तर गोमूत्रातून निघणारा अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो. समुद्रकाठी खारा वारा पत्रा गंजवतो. कोकणातल्या मैत्रिणींनी गंजरोधक थर दिलेलं यंत्र मागावं आणि ते वाऱ्याच्या थेट माऱ्यात ठेवू नये.

चौथी गोष्ट ठिबकणारं पाणी. त्याला नळी लावून ते झाडाच्या आळ्यात सोडा. डबकं साचू दिलं तर डासांची सोय होते.

वीज: इथं काटकसर नको

पाणी आणि वीज एकत्र आली की चुकीला माफी नसते. वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ओळखीचा मुलगा करून देतो म्हणाला, तरी नको. त्या दिवशी पुढच्या गोष्टी बघा.

यंत्राला बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. मिक्सरच्या किंवा पंख्याच्या लाइनवरून जोड घेऊ देऊ नका. एमसीबी जास्त भार आला की वीज तोडतो, त्यामुळे वायर जळत नाही. पण माणसाला शॉक लागला तर तो तोडेलच असं नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचा वेगळा स्विच लागतो. वीज वायर सोडून कुठं पाझरायला लागली, अगदी आपल्या अंगातून जायला लागली, तरी तो क्षणात तोडतो. त्याच्यावर 30 मिलीअँपिअर असं लिहिलेलं बघा. माणसाचा जीव वाचवायला हा आकडा धरतात. 100 किंवा 300 लिहिलेलं असेल तर तो यासाठी नाही.

तिसरी गोष्ट अर्थिंग. अर्थिंगसाठी खड्डा, त्यात पट्टी किंवा पाइप आणि तिथून यंत्रापर्यंत हिरवी वायर, हे डोळ्यांनी बघा. काही जण घाईत अर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडून मोकळे होतात, काही जण नळाच्या पाइपला वायर गुंडाळतात. या दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. न्यूट्रल कुठं तुटली तर यंत्राच्या पत्र्यातच वीज उतरते. आणि प्लास्टिकच्या पाइपातून वीज जमिनीत जातच नाही. वायरमनला मीटर लावून अर्थिंग मोजायला सांगा आणि तो आकडा तुमच्या नोंदवहीत त्याच्या सहीनं लिहून घ्या. आकडा जितका कमी तितकं चांगलं. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही.

मोठं यंत्र थ्री फेजवर चालत असेल, तर एक फेज गेल्यावर विहिरीवरची मोटार कशी जळते हे तुम्हाला माहीतच आहे. इथंही तसंच संरक्षण लागतं, ते आहे का विचारा. महावितरणकडून आपल्याला किती भार मंजूर आहे आणि त्यात हे यंत्र बसतं का, हेही आधीच बघून घ्या. वीज सारखी कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझरबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

दाब: कुकरची शिट्टी आठवा

पाणी तापलं की फुगतं. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेलं तर ते साधारण दीड लिटरनं वाढतं. बंद टाकीत या दीड लिटराला जायला वाट नसेल तर दाब वाढत जातो. कुकरची शिट्टी अडकली आणि सेफ्टी व्हॉल्व्हही बुजलेला असला तर काय होतं, ते सांगायला नको. टाकी कुकरपेक्षा शंभरपट मोठी आहे.

म्हणून बंद टाकीवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब वाढला की तो थोडं पाणी बाहेर सोडतो. पाणी तापत असताना त्यातून थेंब पडणं चांगलं लक्षण आहे. नळ गळतोय असं समजून त्याला बूच मारू नका, चिंधी बांधू नका, टोपण लावू नका. त्याची नळी उतरत्या दिशेनं, कुणाच्या अंगावर उडणार नाही अशा जागी, शेवटी उघडी सोडलेली हवी. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कुठंही कॉक नको आणि त्या नळीवरही नको. चुकून कुणी बंद केला तर संरक्षण संपलं.

काही टाक्या छपरावरच्या साध्या टाकीला जोडलेल्या, उघड्या पद्धतीच्या असतात. त्यांना वर तोंड उघडं असलेली हवेची उभी नळी असते. ती थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच हवी. पाखरं घरटं करू नयेत म्हणून जाळी चालेल, पण तोंड बुजवायचं नाही.

पाइप कुठले वापरतात तेही बघा. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्यानं मऊ पडतो आणि सांध्यातून सुटतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा तसाच गरम पाण्यासाठी बनवलेला पाइप लागतो, आणि त्यावर उष्णता धरून ठेवणारं आवरण. आवरण नसेल तर पैसे देऊन तापवलेलं पाणी न्हाणीघरापर्यंत जाताना निवतं.

आतला वायू कुठला?

यंत्राच्या पत्र्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. त्यावर वायूचं नाव असतं: आर-134ए, आर-410ए, आर-32 किंवा आर-290. त्यातला आर-290 म्हणजे प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच तो भाऊ. पर्यावरणाला तो बराच कमी त्रास देतो, म्हणून नव्या यंत्रांत तो येतो आहे. पण तो पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. असं यंत्र चूल, शेगडी, ठिणगी पाडणारी मोटार, तळघर किंवा उघडं गटार यांच्याजवळ ठेवायचं नाही. आर-32 सुद्धा थोडाफार पेटू शकतो. कुठलाही वायू असला तरी नळ्यांना हात घालणं हे प्रशिक्षित मेकॅनिकचंच काम. पट्टीवर एक वायू आणि भरला दुसरा, असं कुणाला करू देऊ नका. पट्टीचा फोटो काढून नोंदवहीत चिकटवून ठेवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी

बचत गटाच्या मैत्रिणींनो, व्यवहार ठरवतानाच कोटेशनवर लिहून घ्या की शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावरच मिळेल. बैठकीत तसा ठराव करा. आणि चाचणीच्या दिवशी यंत्र रोज वापरणाऱ्या दोघी तिथं हजर असू द्या. एकच असली आणि ती माहेरी गेली तर दुसरीला काहीच कळत नाही.

त्या दिवशी क्रमानं असं करायला लावा. आधी टाकी पूर्ण भरायची. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा, त्यातून हवा निघून पाण्याची सलग धार येईपर्यंत. टाकी भरल्याशिवाय यंत्र कधीही चालू करायचं नाही, आतला जादाचा हीटर कोरडा जळतो. मग आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबायचं. स्विच खटकन पडला पाहिजे. मग सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी सुटतं का आणि दांडी सोडल्यावर बंद होतं का ते बघायचं. मग यंत्र चालू करून सगळ्या सांध्यांवर हात फिरवून गळती बघायची. ठरलेल्या वेळात टाकी तापते का ते घड्याळ लावून बघायचं. शेवटी मिस्त्रीसमोर तुम्ही स्वतः यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं.

जाण्याआधी त्याच्याकडून पुस्तिका, शिक्का मारलेलं हमीपत्र, सर्व्हिसचा फोन नंबर आणि जमलं तर मराठीत लिहिलेली सूचना मागून घ्या. "काही झालं तर फोन करा" एवढ्यावर त्याला सोडू नका.

रोजचा वापर

पहिला प्रश्न येतो किती अंशांवर ठेवायचं. इथं दोन धोके आहेत. फार गरम ठेवलं तर भाजतं. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची त्याहून लवकर. आणि कायम कोमट ठेवलं तर लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. त्यांना 20 ते 45 अंशांचं साचलेलं पाणी मानवतं. फवाऱ्याच्या तुषारांबरोबर ते श्वासातून छातीत जातात आणि न्यूमोनिया होतो. 1976 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका संमेलनाला आलेली माणसं अशी आजारी पडली, तेव्हा या जंतूंचा शोध लागला.

म्हणून टाकी कोमट ठेवायची नाही. अनेक यंत्रांत आठवड्यातून एकदा पाणी 60 अंशांच्या वर नेण्याची सोय असते, ती चालू करून घ्या. टाकीतलं पाणी गरम असू द्या आणि नळाशी येताना त्यात थंड पाणी आपोआप मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. मुलींच्या वसतिगृहात तर तो हवाच. तो नसेल तर एक नियम सगळ्यांना पाठ करून द्या: बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, मग हात घालून बघायचं आणि मगच अंगावर घ्यायचं. हे पाणी आंघोळीसाठी आणि धुण्याभांड्यांसाठी वापरा. प्यायचं पाणी वेगळंच तापवा.

दुसरा प्रश्न कधी चालवायचं. हवा जितकी उबदार, तितकं हे यंत्र कमी विजेत काम करतं. निफाडसारख्या भागात थंडीत पहाटे पारा खूप खाली जातो, तेव्हा पहाटे चारला यंत्र चालवण्यापेक्षा दुपारी बारा ते चार चालवा. चांगल्या आवरणाची टाकी ते पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम ठेवते. यंत्रात टायमर असतो, तो तसा लावून घ्या.

तिसरं, वीज जाऊन आली की यंत्र लगेच सुरू होत नाही. फ्रीजसारखंच कॉम्प्रेसरला काही मिनिटं थांबावं लागतं. घाबरून सारखं बटण दाबू नका, त्यानंच ते बिघडतं.

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी संपून मुली परत येणार असतील, तर आदल्या दिवशी पाणी 60 अंशांवर न्या आणि मगच सगळे गरम नळ थोडा वेळ सोडून द्या. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा आणि फवाऱ्याखाली उभ्या राहू नका.

निगा: काय आपण करायचं, काय मिस्त्रीनं

मैत्रिणींनो, पुढचा भाग कागदावर उतरवून यंत्राशेजारच्या भिंतीवर लावा.

रोज: यंत्राभोवती पोती, झाडू, कपडे ठेवलेले नाहीत ना ते बघा. टाकीखाली नवी ओल नाही ना? नेहमीपेक्षा वेगळा आवाज नाही ना?

दर आठवड्याला: हवा ओढणाऱ्या जाळीवरचा पाचोळा, कोळिष्टकं काढा. ठिबकणाऱ्या पाण्याची नळी मोकळी आहे का बघा.

दर महिन्याला: आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. स्विच पडला नाही तर यंत्र बंद ठेवा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवा. हे बटण स्विचची चाचणी घेतं, अर्थिंगची नाही, हे लक्षात असू द्या. मग मेन स्विच बंद करून पात्यांवरची धूळ मऊ ब्रशनं, वरून खाली, हलक्या हातानं काढा. पात्या कागदासारख्या पातळ असतात. तारेची घासणी किंवा गाडी धुवायचा जोराचा फवारा लावला तर त्या मुडपतात.

दर सहा महिन्यांनी: सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून बघा. पाणी गरम येतं, म्हणून बाजूला उभ्या राहून. दांडीतून काहीच येत नसेल किंवा नंतर सतत धार लागली तर यंत्र बंद करून मिस्त्रीला बोलवा. पाणी येतं त्या पाइपावरची गाळणी त्याच्याकडून साफ करून घ्या. पंखा थांबलेला असला तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर: मिस्त्रीला बोलवा. त्यानं विजेचे सगळे सांधे घट्ट करायचे, अर्थिंग मोजायचं, टाकीतला गाळ सोडायचा आणि ॲनोड कांडी बघायची. बऱ्याच टाक्यांत मॅग्नेशियमची ही कांडी असते. टाकीच्या आधी ती गंजते, टाकी वाचते. कांडी संपली की टाकीला गंज लागतो. बोअरचं जड पाणी असेल, तपेल्यात पांढरा थर बसत असेल, तर कांडी आणि गाळ वर्षातून दोनदा बघून घ्या. पावसात उंदीर, पाली उबेसाठी यंत्राच्या पेटीत शिरतात आणि वायर कुरतडतात. पेटीची सगळी भोकं बुजलेली आहेत का तेही त्याच दिवशी बघा.

प्रत्येक वेळी नोंदवहीत तारीख, काय केलं, कुणी केलं हे लिहा. हमीचं भांडण झालं तर हीच वही कामी येते. आठवड्याचं मीटर रीडिंगही त्यात टाका. पाणी तेवढंच आणि युनिटं वाढली, तर यंत्र आतून सांगतंय की मला बघा.

अडचण आली तर

नळाला किंवा यंत्राच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या, तर ती साधी गोष्ट समजू नका. मेन स्विच बंद करा, सगळ्यांना न्हाणीघरातून बाहेर काढा आणि वायरमन येऊन मोजेपर्यंत चालू करू नका. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून त्याला वगळून वायर जोडून देणारा माणूस भेटला, तर त्याला हाकलून द्या. तो स्विच आपलं काम करतो आहे.

कुणाला शॉक लागून ती चिकटली असेल, तर तिला हातानं ओढू नका. आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं तिला बाजूला करा आणि 108 ला फोन करा.

कुणी भाजलं तर भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी 20 मिनिटं सोडा. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ काही लावू नका. स्वच्छ कापडानं सैल झाकून दवाखान्यात न्या.

वायू सुटल्यासारखा जोराचा फुस्स आवाज आला किंवा नळ्यांवर तेलाचे डाग दिसले, तर जवळपासची चूल-शेगडी विझवा, दूरचा मेन स्विच बंद करा, यंत्राजवळचं कुठलंही बटण दाबू नका आणि मेकॅनिक येईपर्यंत लांब राहा.

मैत्रिणींनो, शेतातली मोटार, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, ही सगळी यंत्रं आपण शिकून घेतलीच. हीट पंपही शिकता येतो. पण त्यासाठी बसवणाऱ्याच्या मागे उभं राहून बघावं लागतं. तुमच्या गावात असं यंत्र आधीच बसलेलं असेल, तर आज जाऊन तीनच गोष्टी बघा. आरसीसीबीचं बटण दाबल्यावर तो पडतो का? सेफ्टी व्हॉल्व्हची नळी उघडी आहे का? अर्थिंगची हिरवी वायर जमिनीपर्यंत पोचते का? तिन्हींचं उत्तर "हो" आलं तर पाणी तापवा. एकाचंही "नाही" आलं तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मुलींची आंघोळ एक दिवस गार पाण्यानं झाली तरी चालेल.